बिघाड आढळला नाही

परवा पेन्शनसंबंधी मला एक ई-मेल आला. मजकूर मराठी असावा. मला दिसले ते इंग्रजी अक्षरांचे तुकडे, मधूनमधून प्रश्नचिन्हं आणि डोक्यावर टिंबं घेतलेली कुठली तरी परकी अक्षरं. सून म्हणाली, "बाबा, अक्षरांचा घोळ आहे, पुसून टाका." मी पुसला नाही. अर्धा तास त्याच्याकडे बघत बसलो. साटमबाई असत्या तर चष्मा कपाळावर चढवून त्यांनी तो घडाघडा वाचून दाखवला असता. मग त्या दिवशी मला दुसरं काही सुचलं नाही.

साटमबाई आमच्या पोस्टात तारेच्या यंत्रावर होत्या. ऐंशीच्या दशकातली मधली वर्षं. पोस्टाचं नाव मी सांगत नाही, कारण त्यातली काही माणसं अजून माझ्यासारखीच पेन्शन खातायत. मालवणच्या अलीकडे की पलीकडे कुठेतरी किनाऱ्यावर होतं, एवढं पुरे. मी खिडकीवर बसून तिकिटं विकायचो आणि रजिस्टरची पत्रं घ्यायचो. बाई माझ्या पाठीमागे, भिंतीशी. आम्ही सहा वर्षं एकमेकांकडे पाठ करून बसलो, तरी त्यांच्या खुर्चीच्या आवाजावरून त्यांचा त्या दिवशीचा मूड मला सांगता यायचा.

बाईंचं घर वैभववाडीच्या पलीकडे, घाटाच्या पायथ्याशी. नवरा तिथेच शाळामास्तर. मुलगी नंदा, तिला दोन वर्षांची असताना सासूकडे ठेवून बाई आमच्याकडे हजर झाल्या होत्या. शनिवारी दुपारची एस.टी. धरायची, कणकवलीला गाडी बदलायची, दिवेलागणीला घरी. मधे एक रविवार. सोमवारी पहिल्या गाडीने परत. असं त्यांनी किती वर्षं केलं असेल ते गाडीच्या कंडक्टरला विचारावं.

बाई भाड्याच्या खोलीवर राहायच्या, पण त्यांनी खोलीसाठी बालदी घेतली नव्हती. आंघोळीला घरमालकिणीची बालदी मागून आणायच्या आणि घासून परत द्यायच्या. मालकीण वैतागून एकदा पोस्टात माझ्याकडे तक्रार घेऊन आली. मी बाईंना म्हटलं, "अहो, कट्टा गावच्या बाजारात चांगल्या प्लास्टिकच्या बालद्या मिळतात." बाई शांतपणे म्हणाल्या, "बालदी घेतली म्हंजे मी हयसर रवलंय. मी रवाक नाय इलंय परब, मी बदलीची वाट बगतंय."

आता ते यंत्र. दोन लिप्यांचं टेलिप्रिंटर होतं, इंग्रजी तार आली तर इंग्रजीत छापायचं, मराठी आली तर देवनागरीत. आल्या दिवशी मास्तरांनी त्याला हार घातला होता. मास्तर म्हणजे आमचे पोस्टमास्तर गावडे, अतिशय सज्जन गृहस्थ, कुणाला नाही म्हणायचं झालं तर त्यांना घाम फुटायचा. पहिल्याच आठवड्यात यंत्राने हार घातल्याचे पांग फेडले. मुंबईहून आलेली एक मराठी तार त्याने अशी छापली की तिच्यात एकही मराठी अक्षर नव्हतं. डब्ल्यू, डी, प्रश्नचिन्ह, एक्स, कंस. मास्तर म्हणाले, कुणीतरी गुप्त तार पाठवलीय, आपण पोलिसांना कळवूया.

बाईंनी मला त्याचं गणित सांगितलं ते अजून लक्षात आहे. तारेवरून अक्षर येत नाही, नुसती खूण येते. त्या खुणेला काय म्हणायचं ते इथलं यंत्र ठरवतं. तीच खूण देवनागरीत असेल तर क, इंग्रजीत असेल तर डी. मराठी तारेच्या सुरुवातीला म्हणून एक वेगळी खूण पाठवतात, 'आता देवनागरी' अशी. ती एक खूण वाटेत गळली, की पुढचा सगळा मजकूर यंत्र इंग्रजीच समजून छापत सुटतं. म्हणजे तार हरवलेली नसते, बिघडलेलीही नसते. पूर्णच्या पूर्ण आलेली असते, फक्त वाचता येत नसते.

अशा वेळी नियमाप्रमाणे 'पुन्हा पाठवा' म्हणून कळवायचं आणि दुसरी प्रत यायला एक-दोन दिवस जायचे. बाईंनी काय करावं? पहिली गिचमिड तार फेकून दिली नाही. दुसरी प्रत आली की दोन्ही एकाखाली एक ठेवायच्या आणि अक्षराला अक्षर लावायच्या. कुठल्या डीखाली क आला, कुठल्या कंसाखाली वेलांटी आली. तीन महिन्यांत त्यांचा तक्ता पुरा झाला. जुन्या फॉर्मांच्या पुठ्ठ्यावर शाईने काढलेला, दोन ओळींचा. आणखी दोन-तीन महिन्यांनी तक्ताही लागेनासा झाला. यंत्र खडखडायचं, कागद वर यायचा, आणि माझ्या पाठीमागून आवाज यायचा, "बोटीचा इंजिन दुरुस्त झाला, पैसे पाठवू नका." मी वळून बघायचो तर कागदावर नुसता इंग्रजी कचरा. मग बाई कोऱ्या फॉर्मवर स्वच्छ मराठीत तार लिहायच्या आणि तारवाला बाबी सायकलवर टांग मारायचा.

त्याचा एक दुष्परिणाम झाला. बाईंना इंग्रजी पाट्या मराठीत दिसायला लागल्या. साबणाच्या वेष्टनावरचं नाव वाचून त्या एकदा एवढ्या हसल्या की डोळ्यांतून पाणी आलं. काय वाचलंत म्हणून विचारलं तर सांगेनात, बहुतेक चारचौघांत सांगण्यासारखं नसावं. पण एका सोमवारी त्या घरून आल्या त्या गप्प. दुपारी डबा खाताना स्वतःहूनच म्हणाल्या, "नंदाच्या पाटयेर इंग्लिश अक्षरां होती. माका दाखवन इचारल्यान, ह्या काय? मी सांगितलंय, क." ती डी होती. पोरीने आजीकडे धावत जाऊन सांगितलं, "आयेक डी येना नाय." सगळे हसले. बाईही हसल्या असतील. मला सांगताना मात्र त्यांनी डब्याचं झाकण तीनदा लावलं आणि तीनदा काढलं.

दर वर्षी त्या बदलीचा अर्ज करायच्या. वैभववाडीला द्या, नाहीतर निदान कणकवलीला. अर्ज मास्तरांच्या शिफारशीने वर जायचा, आणि मास्तर तर बाईंचे भक्त. ते मनापासून लिहायचे, 'सौ. साटम यांच्यावाचून या कार्यालयातील तारांचे काम एक दिवसही चालणार नाही.' वरून उत्तर यायचं, सदर कर्मचारी अत्यावश्यक असल्याने विनंती मान्य करता येत नाही. तिसऱ्या वर्षी बाईंनी फायलीतली ती प्रत वाचली आणि सरळ मास्तरांच्या टेबलाशी जाऊन उभ्या राहिल्या. म्हणाल्या, "मास्तरांनू, हात जोडतंय. एकदा तरी माझ्याबद्दल वायट लिवा." मास्तरांना घाम फुटला. ते म्हणाले, "अगो बाय, खोटा कसा लिवू?"

तेव्हा बाईंनी दुसरी वाट काढली. दुसऱ्या कुणाला तक्ता आला की आपण मोकळ्या. ऑफिसात दुसरा कोण, तर मी. त्या रोज दुपारी तो पुठ्ठा माझ्यापुढे ठेवायच्या. "परब, पंधरा दिसांत येतला. तुमी हुशार आसात." मी काय काय कारणं दिली. डोळे दुखतात, खिडकीवर गर्दी आहे, मला इंग्रजीची भीती वाटते. खरं कारण मला पक्कं ठाऊक होतं. ज्याला हे येतं तो इथून हलत नाही, हे मी तीन वर्षं डोळ्यांनी बघत होतो. माझी काही कुठे जायची घाई नव्हती, पण दार बंद होतं ते नुसतं कळलं तरी माणूस दाराकडे बघायला लागतो. मी शिकलो नाही. बाईंनी महिनाभराने पुठ्ठा उचलला आणि कधी बोलून दाखवलं नाही. दाखवलं असतं तर बरं झालं असतं.

मग त्यांनी रोगाचं मूळच शोधलं. सगळ्या मराठी तारा बिघडत नव्हत्या, काही अगदी स्वच्छ यायच्या. बाईंनी वहीत प्रत्येक तारेची वेळ लिहायला सुरुवात केली. दोन महिन्यांनी त्यांनी मला वही दाखवली. बिघडलेली प्रत्येक तार यंत्र बराच वेळ गप्प राहिल्यानंतरची पहिली तार होती. लगोलग दुसरी आली की ती चांगली. गप्प असताना यंत्राची मोटर बंद पडायची. तार आली की ती फिरायला लागायची, पण पुरता वेग घेईपर्यंत पहिली खूण निघून गेलेली असायची, आणि पहिली खूण म्हणजेच 'आता देवनागरी'. बाई म्हणाल्या, "निजलेल्या माणसाक हाक मारली तर पयली हाक फुकट जाता. म्हणान नाव दोनदा घेवचा." उपाय एवढाच, की पाठवणाऱ्यांनी ती खूण दोनदा पाठवायची. खर्च शून्य. हे सगळं त्यांनी दीड पानात शुद्ध मराठीत लिहून वर पाठवलं.

वरून एक मेकॅनिक आला. आल्याबरोबर त्याने यंत्र चालू केलं, झाकण काढलं, तेल घातलं, फोन करून पाच मराठी तारा मागवल्या. पाचही स्वच्छ आल्या. बाई विनवत होत्या, "एक तास यंत्र गप्प ठेवा, मग मागवा." तो घड्याळ बघत म्हणाला, "बाई, माझी साडेतीनची गाडी आहे." त्याने डायरीत लिहिलं, बिघाड आढळला नाही. पुढच्या वर्षी दुसरा आला, त्यानेही तेच लिहिलं. शिवाय वरच्यांचं म्हणणं असं, की या कार्यालयाकडून एकाही गिऱ्हाइकाची तक्रार नाही. कशी असेल? बाई प्रत्येक तार वाचून देत होत्या.

हे त्यांच्या लक्षात आलं त्या सोमवारी त्या यंत्रावर बसण्याआधी माझ्या खिडकीशी आल्या. नंदाने रविवारी त्यांना परक्या पाहुण्याला करतात तसा नमस्कार केला होता, आजीने शिकवलेला. ते सांगून झाल्यावर म्हणाल्या, "आजपासून तार जशी येतली तशी देतलंय. नियमात तसांच आसा. आपल्या पदरचा अक्षर घालूचा नाय म्हणतत. म्हंजे चार वर्सां मी नियम मोडतंय."

मंगळवारी, बुधवारी, गुरुवारी लोक गिचमिड कागद घेऊन माझ्या खिडकीवर आले. एका म्हाताऱ्याला वाटलं, आपला झील, म्हणजे मुलगा, मुंबईत एवढा मोठा झाला की इंग्रजीत लिहायला लागला, आणि तो ते कौतुकाने सगळ्यांना दाखवत होता. मी लोकांना तक्रारीचा कागद पुढे करायचो. बाई यंत्राकडे तोंड करून बसून राहायच्या. त्यांना कागदावर काय आहे ते माहीत असायचं आणि माणूस चार हातांवर उभा असायचा. तीन दिवसांत त्यांचा चेहरा उतरला. पण अकरा तक्रारी जमल्या आणि मास्तरांनी घाबरून वर फोन केला. शुक्रवारी सकाळी मोठे साहेब स्वतः हजर झाले.

साहेब घाटावरचे, कडक पण मन लावून काम बघणारे. बाईंची वही त्यांनी पानोपान वाचली. म्हणाले, "एक तास गप्प ठेवायचं ना? बसू या." तो एक माणूस भेटला ज्याने घड्याळ बघितलं नाही. ते बाईंच्या शेजारी खुर्ची घेऊन बसले. मी खिडकी बंद करून मागे जाऊन उभा राहिलो. दीड वाजता यंत्र खडखडलं. कागद वर आला आणि त्यावर डब्ल्यू, डी, प्रश्नचिन्ह, एक्स. मला आनंदाने ओरडावंसं वाटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो बिघाड एका साहेबाच्या नाकासमोर झाला होता.

साहेबांनी कागद फाडून हातात घेतला. "ही मराठी तार आहे?"

"हो साहेब," मास्तर म्हणाले.

"हे कुणाला वाचता येणं शक्य नाही." त्यांनी डायरी उघडली. "हा कागद मी पुरावा म्हणून नेतो. नवीन प्रत मागवा, उद्या-परवा येईल. बाई, तुमचा जबाब घेऊ. संध्याकाळपर्यंत इथेच बसा. खूण दोनदा पाठवायची, बरोबर?"

बाईंनी कागद वाचला होता, यंत्रातून वर येता येताच. मला त्यांच्या मानेवरून कळलं. मग त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं. नुसतं बघितलं, नि मग त्या कागदाकडे, पुन्हा माझ्याकडे. मी कागदाकडे बघितलं. डब्ल्यू, डी, प्रश्नचिन्ह, एक्स.

मला तक्ता येत असता तर मीही तेव्हाच ती तार वाचली असती. लघवीला जातो म्हणून मागच्या दाराने निघून सायकल घेतली असती, आणि साहेबांच्या जबाबात कसलाच खंड पडला नसता. बाईंनी माझ्याकडून एवढंच मागितलं होतं, पंधरा दिवसांचं शिकणं. मी तिथे ठोंब्यासारखा उभा होतो. या गोष्टीची लाज मला आजही वाटते.

बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं. मग उभ्या राहिल्या आणि पाठ म्हटल्यासारखं बोलल्या, "शेवंती, नर्सिंगला नंबर लागला. शनिवारी सकाळी कागद घेऊन हजर राहायचं आहे, नाहीतर जागा जाईल. आजच्या गाडीने निघ. मामा." आणि बाबीला म्हणाल्या, "खाडीपलीकडली शेवंती. मुंबईची गाडी साडेतीनाक आसा. होडी धर आणि धाव."

बाबी धावला. साहेबांनी कागद उलटा करून बघितला, सुलटा करून बघितला. "तुम्हाला हे वाचता येतं?"

"येतं."

"सगळं?"

"हो."

"मग सोमवारपासूनच्या तारा अशाच का दिल्यात?"

बाईंनी त्यांना खरं कारण सांगितलं. नंदाचंही सांगितलं. साहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी त्या अकरा तक्रारींबद्दल बाईंवर कारवाई केली नाही. पेन हातात घेऊन म्हणाले, "बाई, मी तुमच्या जागी दुसरं कुणाला बसवू? आणि वर काय लिहू? तार आली, वाचली गेली, वेळेत पोचली." त्यांनी लिहिलं ते मी नंतर फायलीत पाहिलं. यंत्र सुस्थितीत. बिघाड आढळला नाही. संबंधित कर्मचारी असाधारण कुशल. तीन महिन्यांनी चौकटीत घालून ठेवण्यासारखं प्रशस्तिपत्रही आलं.

शेवंतीला गाडी मिळाली. ती पुढे मुंबईत मोठ्या इस्पितळात लागली, गावी येते तेव्हा माझ्या बायकोचं ब्लडप्रेशर बघते. तिला यातलं काही माहीत नाही. त्या आठवड्यात बाईंनी कट्ट्याहून हिरवी बालदी आणली, हे मला घरमालकिणीने मोठ्या समाधानाने येऊन सांगितलं.

मी मधे एकदा धीर करून म्हटलं, "बाई, आता शिकवा मला." त्यांनी माझ्याकडे बघितलं. त्यात राग नव्हता, तेच मला सोसवेना. "आता कित्याक? आता तुमी शिकलात तर दोघांय अडाकतली," म्हणाल्या, आणि यंत्राकडे वळल्या.

दोन वर्षांनी माझी बदली झाली. मी अर्जसुद्धा केला नव्हता. ज्याच्यावाचून अडत नाही तो लगेच सुटतो. देवगडला हजर व्हायचं होतं. शेवटच्या दिवशी मे महिना होता, आणि नंदा पहिल्यांदाच सुट्टीत आईकडे राहायला आली होती. आठ वर्षांची, दोन वेण्या, आईसारखंच रुंद कपाळ. ती यंत्राशेजारच्या बाकावर पाय हलवत बसली होती. मास्तरांनी माझ्यासाठी चहा मागवला होता आणि आम्ही सगळे त्यांच्या टेबलापाशी उभे होतो.

यंत्र खडखडलं. बराच वेळ गप्प होतं, तेव्हा काय आलं असणार ते सगळ्यांना ठाऊक. बाईंनी कप खाली ठेवला. तेवढ्यात नंदा कागदावर वाकली आणि एकेका अक्षराखाली बोट ठेवून मोठ्याने वाचायला लागली, "आं-बे पोच-ले. पेटी फुट-ली हो-ती." आईच्या खोलीत तो पुठ्ठा भिंतीला टेकून असायचा. पोरीला तो खेळ वाटला होता.

मास्तर टाळ्या वाजवत म्हणाले, "बगा, बगा. दुसरी तारबाय तयार झाली."

बाई अशा गेल्या की त्यांच्या पदराने कप लवंडला. त्यांनी नंदाचं बोट कागदावरून उचललं, तिच्यासमोर गुडघे टेकून बसल्या. आवाज अगदी बारीक होता. "ह्या तुका येना नाय. कोणीय इचारल्यान तरी सांगायचा, माका येना नाय. सांग बगू."

"पण आये, माका येता."

"सांग."

नंदाने मास्तरांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. आपलं काय चुकलं ते तिला कळेना. मग ती हळू म्हणाली, "माका येना नाय."

"शाणी माझी," बाई म्हणाल्या. तिचं बोट त्यांनी डाव्या मुठीत तसंच धरून ठेवलं आणि उजव्या हाताने कोरा फॉर्म ओढून ती तार लिहायला घेतली.